शेठ आणि चिंगीची नातवंडं

चकाल्याच्या सुमंगल सोसायटीत रत्नप्रभा तावडेनं गच्चीवर टोमॅटो लावलेत, ही बातमी बिल्डिंगभर झाली तेव्हा बायकांना आनंदच झाला होता. मे महिन्यात बाजारातला टोमॅटो महाग आणि वर पिचका. इथे आपल्याच डोक्यावर ताजा माल. पण मे सरत आला तरी एखाद-दुसरं झाड सोडलं तर फळ म्हणून कुठे धरलं नाही. पिवळी फुलं यायची, दोन दिवस मिरवायची आणि देठासकट गळून पडायची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला साधा टोमॅटो लावता येत नाही, असं चौथ्या मजल्यावरच्या सुंदराबाईंनी जिन्यात बोलून दाखवलं. रत्नप्रभानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फुलं गळणार हे तिला ठाऊकच होतं. त्यासाठीच तर तिनं मुंबईतली गच्ची निवडली होती.

टोमॅटोला दिवसाचं ऊन एक वेळ चालतं, पण रात्र थंड लागते. नाशिककडे एप्रिलमध्येसुद्धा पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. अंधेरीत पहाटेही भिंतीला हात लावला तर कोमट लागतो. अशा रात्रींमध्ये फुलातले पराग निकामी होतात आणि फळ धरतच नाही. मात्र जगाच्या पाठीवर काही जाती अशा आहेत की त्या असल्या उकाड्यातही फळ धरतात. तशा एका जातीचं बी डॉ. विद्याधर कर्णिकांनी परदेशातल्या एका मित्राकडून मागवलं होतं. कर्णिक म्हणजे रत्नप्रभाचे गाईड. घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवायचे आणि निवृत्तीला आले होते. त्या जातीची फळं बोराएवढी, चवीला आंबट, विकायला ठेवली तर कुणी ढुंकून बघणार नाही. उलट आपल्याकडची मोठ्या फळाची जात दिसायला देखणी, पण उकाडा झाला की सगळी फुलं टाकून मोकळी. या दोघांचं लग्न लावायचं आणि उकाडा सोसण्याचा गुण पुढच्या पिढ्यांत कसा उतरतो ते बघायचं, हा रत्नप्रभाच्या पीएच.डी.चा विषय.

दोन्ही जातींना लांबलचक आकडी नावं होती. रत्नप्रभाचे वडील दशरथ परब यांना ती काही लक्षात राहीनात. गिरणी बंद पडल्यापासून आणि आई गेल्यापासून ते लेकीकडेच राहत होते, आणि गच्चीवर पाणी घालण्याचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. मोठ्या फळाच्या जातीला त्यांनी शेठ म्हणायला सुरुवात केली आणि बारक्या फळाच्या जातीला चिंगी. हळूहळू रत्नप्रभाही तेच म्हणायला लागली, आणि एकदा तर कर्णिक सरांच्या तोंडूनही चिंगी निघून गेलं.

पहिल्या वर्षी तिनं शेठच्या कळ्या उमलायच्या आत चिमट्यानं उघडून त्यातले पुंकेसर काढून टाकले आणि चिंगीचे पराग लावले. त्या बियांपासून उगवलेली रोपं खरोखर दोघांचीच आहेत ना, हे ओळखायची एक खूण होती. शेठचं रोप मातीतून वर येतं तेव्हा त्याचं कोवळं खोड नितळ हिरवं असतं, चिंगीचं जांभळट. जांभळा रंग जोरकस. दोघांच्या पोरांत तोच दिसतो. सगळीच्या सगळी रोपं जांभळी आली, तेव्हा रत्नप्रभा खूश झाली. पण उन्हाळ्यात त्या पोरांनीही शेठसारखीच फुलं टाकली. सुंदराबाईंनी जिन्यात टोमणा मारला तोच हा उन्हाळा. फुलं गळतील ती शेठची, असं तिला वाटलं होतं. चिंगीच्या पोरांची गळतील असं नव्हतं वाटलं. त्या दिवसांत तिला जेवण गोड लागत नव्हतं.

कर्णिक सरांनी मात्र मान डोलावली. उकाडा सोसण्याचा गुण एकाच जनुकावर अवलंबून नसावा, ते म्हणाले, आणि त्यातली काही जनुकं पहिल्या पिढीत दबून राहत असतील. पोरांत दबलेलं नातवंडांत वर येऊ शकतं. तेव्हा ही पोरं जगवा.

मग तिनं त्या झाडांच्या फांद्या कापून पावसाळाभर घरात खिडकीशी जगवल्या, हिवाळ्यात त्यांना फळं धरू दिली, आणि त्यांचं बी म्हणजे शेठ-चिंगीची नातवंडं. ती दुसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे शहाऐंशी साली, गच्चीवर वाढत होती. हाच उन्हाळा तिच्या हातात होता. पुढच्या वर्षी सर निवृत्त होणार होते, आणि गच्ची गळते अशी तक्रार आल्यामुळे सोसायटीचे सेक्रेटरी अनंतराव यांनी एवढाच एक उन्हाळा मंजूर केला होता.

नातवंडं सगळी तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत लावली होती. त्यांच्या अधूनमधून, तुलनेसाठी, तशाच डब्यांत चिंगीची झाडं ठेवली होती. एखाद्या कोपऱ्यात ऊन कमी, एखाद्या कोपऱ्यात टाकीचा ओलावा, म्हणून सगळी मुद्दाम मिसळून. डब्यातलं झाड कोण, हे सांगायला प्रत्येकात पांढऱ्या प्लॅस्टिकची एक पट्टी खोचलेली, तिच्यावर पेन्सिलीनं आकडा. शेठची झाडं तेवढी अर्ध्या कापलेल्या पिंपांत, कठड्याला लागून होती. एवढी सोय केल्यावर रत्नप्रभाला वाटलं होतं की आता फक्त वाट बघायची.

एप्रिलच्या शेवटी विद्यापीठाची पेपर तपासणी लागली आणि तिला रोज सांताक्रूझला जावं लागायला लागलं. नवरा नंदकुमार औषधांच्या कंपनीत होता, तो दौऱ्यावर. झाडांना पहिली फुलं नुकतीच लागत होती. अजून कुणाचं काय होणार ते कळायचं होतं. ती सकाळी गच्चीवर एक फेरी मारून निघायची ती संध्याकाळीच परतायची.

त्यातल्याच एका संध्याकाळी ती परतली तर जिन्यात डांबराचा वास भरला होता. गळतीसाठी गच्चीला डांबर मारायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यात. ती पर्स खांद्यावर तशीच घेऊन वर धावली. गच्चीचा अर्धा भाग काळा, चकचकीत, अजून वाफाळत होता. सगळे डबे पाण्याच्या टाकीखाली एकमेकांना खेटून दाटीवाटीनं उभे होते, काही आडवे, काहींतली रोपं मोडलेली. पांढरी पट्टी एकाही डब्यात नव्हती.

दशरथराव टाकीच्या पायरीवर बसले होते. बनियन घामानं भिजलेलं, हातावर पत्र्याचे ओरखडे. लेकीला बघून ते उठले आणि भाजीची कापडी पिशवी तिच्यापुढे धरली.

"मी सगळ्यो पट्ट्यो जपान ठेवलंय," ते म्हणाले. "एकव हरवूक दिलंय नाय."

रत्नप्रभानं पिशवीत पाहिलं. सगळ्या पट्ट्या होत्या, डबे उचलताना पडू नयेत म्हणून आधीच काढून घेतलेल्या, पुसून स्वच्छ केलेल्या, रबर बँड लावून नीट गड्ड्या बांधलेल्या. कोणती कोणत्या डब्यातली, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. तिच्या कपाटात गच्चीचा नकाशा होता, कुठला डबा कुठे ते दाखवणारा, पण डबे जागेवर राहिले नसल्यावर नकाशाला काय करायचं.

ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "बाबा, तुम्ही वर गेलातच कशाला?"

एवढंच ती बोलली, पण ते ज्या आवाजात बोलली त्यानं दशरथरावांचा चेहरा उतरला. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. पिशवी खाली ठेवून ते जिना उतरून गेले. रात्री जेवायला बसले नाहीत. सकाळी त्यांनी चार कपडे भरले आणि दिंडोशीला धोंडूकडे काही दिवस जाऊन येतो म्हणाले. धोंडू म्हणजे रत्नप्रभाचा धाकटा भाऊ. थांबा म्हणायला तिला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिला ते समोर नसलेलंच बरं वाटलं.

नंदकुमार आल्यावर त्यानं सगळं ऐकून घेतलं. झाडाकडे बघून ओळखता येणार नाही का, त्यानं विचारलं. चिंगी बारीक फळाची ना? रत्नप्रभानं सांगितलं की नातवंडांतही निम्मीशिम्मी आजीच्या वळणावर गेलेली आहेत, तशीच पानं, तशीच उंची. आणि उन्हाळ्यात धरलेली फळं कुणाचीही असोत, ती बारीकच राहतात. मोजून सांगावं, तर चिंगीचे किती डबे लावले होते ते तिला माहीत होतं. पण कितीतरी रोपं मोडली होती आणि मोडलेली कोणाची ते कोण सांगणार. नंदकुमार म्हणाला, "तू सरांना भेट. घरी बसून डोकं फोडून घेऊ नकोस."

कर्णिक सरांनी रागावायला हवं होतं, म्हणजे तिला हलकं तरी वाटलं असतं. ते रागावले नाहीत. चष्मा काढून त्यांनी काचा पुसल्या. मग म्हणाले की पाणी घालणं थांबवू नका, झाडं जगवा, फळ कुणाला धरतं ते बघा. पण एक लक्षात ठेवा. उद्या एखाद्या झाडाला फळ धरलं आणि तुम्ही म्हणालात हे नातवंड आहे, तर समोरचा म्हणणार, कशावरून? ती चिंगीच असेल. आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.

"पट्टीवर लिहिलेलं गेलं ते गेलं," ते म्हणाले. "झाडातच काही लिहिलेलं असेल तर शोधा."

घाटकोपरहून परतताना बस साकीनाक्याला अडकली. रत्नप्रभा खिडकीशी बसून सरांचं ते वाक्य डोक्यात घोळवत होती. झाडात काय लिहिलेलं असणार? खोडाचा रंग. पण तो उपयोगाचा नव्हता. रोप मोठं झालं, उन्हात रापलं, की जांभळं कुठलं आणि हिरवं कुठलं ते खात्रीनं सांगता येत नाही. मोठ्या झाडांवर तरी नाही. बस हलली तेव्हा तिच्या मनात आलं, मोठ्या झाडांवर नाही, पण त्यांच्या बियांवर?

घरी येईपर्यंत तिनं ते दहा वेळा उलटंसुलटं करून पाहिलं. चिंगी जांभळी, पिढ्यान्‌पिढ्या जांभळी. तिच्या बियांतून हिरवं रोप कधी उगवणार नाही. शेठचे पराग उडून तिच्यावर पडले तरी पोरं जांभळीच होणार, कारण जांभळा जोरकस. म्हणजे एखाद्या झाडानं भर उकाड्यात फळ धरलं, आणि त्या फळाच्या बियांतून काही जांभळी आणि काही हिरवी रोपं उगवली, तर ते झाड चिंगी असूच शकत नाही. त्याच्यात शेठचं रक्त आहेच. आणि शेठ स्वतः तर कठड्याशी पिंपांत उभा होता. पिंपं जड, ती कुणी हलवली नव्हती, आणि त्यांच्यावर एकही फळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन करून तिनं हे सांगितलं. फोनवर सरांनी तिला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि म्हणाले, "हे चालेल. आता फळ धरायला हवं."

फळ धरणं तिच्या हातात नव्हतं. मेचा पहिला आठवडा असा गेला की सकाळी गच्चीवर पाऊल ठेवायला तिचा जीव धजत नसे. डांबर तापून चपलेला चिकटायचं. विमानं इतकी खालून जायची की पोटावरची अक्षरं वाचता यावीत, आणि त्यांच्या घरघराटानंही फुलं गळतात की काय असं तिला वेड्यासारखं वाटायचं. डब्यांखाली पिवळ्या फुलांचा सडा पडलेला असायचा. टाकीला वर नळ नव्हता, म्हणून आता पाणी घालायला ती स्वतः बादल्या वाहायची, आणि दोन जिने वर बादली नेताना दशरथराव हे रोज, न कुरकुरता कसं करत असतील याचा तिला विचार यायचा. दिंडोशीला जाऊन यावं, असं ती रोज ठरवायची. काय बोलायचं ते सुचत नसल्यामुळे जायची नाही. धोंडूची बायको वनमाला हिनं एकदा शेजारच्या दुकानातून फोन करून सांगितलं की मामंजी बरे आहेत, पण गप्प असतात, आणि झाडांचं कुणी विचारलं तर उठून जातात.

मग एका सकाळी एका डब्यात, गळालेल्या फुलाच्या जागी, तिला हिरवा मणी दिसला. तिनं हात लावला नाही, खाली वाकून नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन झाडांवर. मे संपेपर्यंत त्या दाटीतली दहा-बारा झाडं फळ धरून होती. बाकीची पार ओकीबोकी. त्या दहा-बारांत चिंग्या किती आणि नातवंडं किती, की सगळ्याच चिंग्या, ते मात्र कळायचं होतं.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फळं लाल झाली. पाऊस सुरू झाला होता, म्हणून तिनं ती घरात आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर बशांमध्ये वेगवेगळी मांडली. पहिलं फळ तिनं सुरीनं मधोमध कापलं. आत पाणी आणि थोडा गर, बी एकही नाही. दुसऱ्या झाडाचं कापलं. तसंच. उकाड्यात कधीकधी पराग न मिळताही फळ फुगतं, हे ती वर्गात शिकवत आली होती, पण ओट्यावर ते बघताना तिला तिसरं फळ कापायचा धीर होईना. नंदकुमार शेजारी उभा होता. त्यानं तिच्या हातातली सुरी घेतली आणि तिसरं फळ त्यानं कापलं. त्यात बिया होत्या. थोड्या, पण होत्या.

असं करत सात झाडांच्या बिया मिळाल्या. तिनं त्या धुऊन, सुकवून बिस्किटांच्या डब्यांच्या झाकणांत माती भरून पेरल्या आणि झाकणं हॉलच्या खिडकीत मांडली. आता परत वाट बघणं. कॉलेज सुरू झालं होतं. वर्गात शिकवताना तिचं लक्ष नसायचं आणि एकदा तर तिनं एकाच वर्गाला एकच धडा लागोपाठ दोनदा शिकवला. मुलींनी तिला मध्ये थांबवलंही नाही.

आठवड्याभरानं पहिली रोपं वर आली. खोडं वाकवून, मातीतून मान काढणारी, दोऱ्याएवढी बारीक. ती भिंग घेऊन खिडकीशी बसली. पहिल्या झाकणात सगळी जांभळी. दुसऱ्यात सगळी जांभळी. तिसऱ्यात, चौथ्यातही तेच. या चिंग्या, किंवा चिंगीच्या वळणावर पूर्ण गेलेली नातवंडं, पण तसं म्हणायला पुरावा नाही. पाचव्यात अजून काहीच उगवलं नव्हतं. सहाव्यात मोजकी चार रोपं, चारही जांभळी. सातव्या झाकणात बिया सगळ्यात जास्त होत्या आणि त्यात अजून दोनच टोकं वर आलेली, मातीनं माखलेली, रंग कळत नव्हता. तिनं भिंग ठेवून दिलं आणि जेवणाचा डबा घेऊन कॉलेजात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवून ती सवयीनं खिडकीशी गेली. पाऊस थांबला होता, उजेड स्वच्छ होता. सातव्या झाकणात रात्रीतून दाट रोपं उभी राहिली होती. जांभळी होती. आणि त्यांच्यामध्ये, तीन-चारांमागे एक अशी, नितळ हिरवी.

तिनं भिंग घेतलं नाही. त्याची गरजच नव्हती. तरी झाकण उचलून ती बाल्कनीत गेली, पुन्हा पाहिलं, आत येऊन दिव्याखाली धरलं, परत पाहिलं. मग पाचव्या झाकणाकडे वळली. त्यातही उशिरा का होईना, उगवलं होतं, आणि त्यात तर सगळीच हिरवी. ती खिडकीखाली लादीवर बसून राहिली. आत आधण उकळून आटलं आणि पातेलं करपल्याचा वास आला तेव्हा नंदकुमार उठून आला. ती रडत होती, म्हणून तो आधी घाबरला. तिनं झाकण त्याच्यासमोर धरलं. त्याला रंगांचं शास्त्र पुरतं कळत नव्हतं, पण एवढं कळलं की हिरवं हवं होतं आणि हिरवं आलंय. गॅस बंद करून तोही तिच्या शेजारी लादीवर बसला.

फोन अनंतरावांकडे होता. ती खाली गेली, सरांना फोन लावला आणि जे पाहिलं ते सांगितलं. सरांनी किती जांभळी, किती हिरवी ते विचारलं; सातव्यात अंदाजे तीनास एक, पाचव्यात सगळी हिरवी, ती म्हणाली.

"म्हणजे दोन तरी नातवंडं मुंबईच्या मे महिन्यात फळ धरून बसली," सर म्हणाले. "आता लिहायला घ्या, बाई. मी निवृत्त व्हायच्या आत मला वाचायचंय."

तिनं रिसिव्हर ठेवला. अनंतराव पेपर वाचत असल्याचं दाखवत होते, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. झाडं वाचली वाटतं, त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. तेव्हा त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि तो डांबराचा दिवस त्यांच्या मनात खुपत असल्याचं सांगितलं. काँट्रॅक्टर आठवडाभर आधी येऊन टपकला होता; त्याचं दुसरं काम रद्द झालं होतं. अनंतराव ऑफिसात होते, वॉचमननं वर निरोप दिला तो दशरथरावांना.

"वहिनी, तुमच्या वडलांनी तुम्हाला सांगितलंच असेल," ते म्हणाले. "ती माणसं डबे कठड्यावरून खाली कंपाउंडात टाकायला निघाली होती. चार-पाच टाकलेही. बाबा मध्ये आडवे उभे राहिले म्हणे. मग एकेक डबा त्यांनी स्वतः उचलून टाकीखाली नेला, डांबर तापत होतं तोवर. वॉचमन सांगत होता, म्हातारा कुणाला हात लावू देईना."

रत्नप्रभाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. हातावरचे ते ओरखडे तिनं त्या संध्याकाळी पाहिले होते, आणि पाहूनही विचारलं नव्हतं. ती निघाली तेव्हा अनंतराव दारापर्यंत आले आणि म्हणाले की पुढच्या वर्षी डबे विटांवर ठेवलेत, खालून पाणी वाहू दिलंत, तर कमिटीशी बोलून बघतो. सुंदराबाईंचं छत आता कोरडं आहे. तिनं मान हलवली. तिला ते नीट ऐकूही आलं नव्हतं.

कॉलेजला रजेचा निरोप देऊन ती दिंडोशीला गेली. धोंडूची खोली वसाहतीच्या मागच्या रांगेत होती. दशरथराव दारातल्या लाकडी स्टुलावर बसून मोडक्या छत्रीची काडी तारेनं बांधत होते. लेक दिसल्यावर त्यांनी छत्री खाली ठेवली, पण उठले नाहीत. काही वाईटच ऐकायला मिळणार, अशा चेहऱ्यानं बसून राहिले. वनमाला आतून पाणी घेऊन आली. रत्नप्रभानं ते घेतलं नाही. ती तशीच उंबऱ्याशी उकिडवी बसली आणि सांगून टाकलं. हिरवी रोपं आली. झाडं ओळखता आली. काम वाया गेलं नाही.

"वाया नाय गेला?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"खरा सांगतंस?"

"खरंच. सरांनी लिहायला सांगितलंय."

दशरथरावांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि चेहऱ्यावरच ठेवले. तिनं मग विचारलं, ती माणसं डबे खाली टाकत होती, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? ते हात खाली घेऊन तिच्याकडे बघत म्हणाले,

"सांगून काय करतलंय? पट्ट्यो तर मीच काढलंय."

सांगायचं म्हणून ती एवढंच म्हणाली की डबे खाली गेले असते तर पट्ट्या असून काय उपयोग होता. आणि त्या संध्याकाळी मी तुम्हाला जेवायलाही बसवलं नाही, ते माझं चुकलं. ते ऐकून दशरथराव अवघडले. त्यांनी खाली ठेवलेली छत्री पुन्हा हातात घेतली, उघडून पाहिली, ती नीट उघडली, आणि मग त्यांनी आत हाक मारली.

"वनमाला, हिच्यासाठीव भात घाल गो."

वनमालानं सुकटीची चटणी आणि कुळथाची पिठी केली होती. रत्नप्रभा दोनदा भात मागून जेवली. कित्येक आठवड्यांत तिला अशी भूक लागली नव्हती. जेवताना दशरथरावांनी झाडांचं एकेक विचारायला सुरुवात केली, टाकीजवळचं ते उंच झाड जगलं का, पाणी कोण घालत होतं, बादली भरून नेत होतीस की अर्धी. अर्धी, ती म्हणाली, आणि ते पहिल्यांदा हसले. पिशवी भरून ठेवा, संध्याकाळी घरी जाऊ, तिनं सांगितलं. ती भरलेलीच असल्याचं वनमालानं आतून सांगितलं. गेला आठवडाभर ती कोपऱ्यात तशीच होती.

जेवण झाल्यावर वनमालानं चटई टाकली. जरा पाठ टेकते म्हणून रत्नप्रभा आडवी झाली. बाहेर नळावर बायका बोलत होत्या, कुठेतरी रेडिओ चालला होता. दशरथराव दारात बसून धोंडूच्या पोरीला काहीतरी समजावत होते, जांभळं आणि हिरवं असे दोन शब्द तिच्या कानावर आले, त्यातलं बरंच चुकीचं होतं. दुरुस्त करावं असं तिला वाटलं, पण डोळे मिटले. धोंडू कामावरून आला, दिवे लागले, तरी ती झोपलेलीच होती, आणि कुणी तिला उठवलं नाही.